आवाज टोचतोय? वायर बदलण्याआधी हे आठ टप्पे याच क्रमाने करा

नवा स्टिरिओ घरात आला की पहिले चार दिवस सगळे म्हणतात, ‘काय क्लिअर आहे!’ पाचव्या दिवसापासून अर्ध्या तासात कान थकायला लागतात. गायिकेचा वरचा सूर टोचतो, झांज काच फुटल्यासारखी वाजते, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे बाहेर येतात. नाशिकमध्ये अशा तक्रारीसाठी मी ज्या ज्या घरी गेलो, तिथे उपाय आधीच सुरू झालेला होता आणि बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून. आधी महागडी वायर, मग दुसरा डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा), मग कुणीतरी ‘उबदार आहे’ म्हणून सुचवलेला अँप, म्हणजे अँप्लिफायर. खोलीकडे आणि स्पीकरच्या जागेकडे लक्ष शेवटी, तेही पैसे संपल्यावर.

दुसरी चूक याहून जुनी आहे. वस्तूंची जुळवणी म्हटलं की आपण पत्रिका बघायला बसतो. स्पीकर तापट आहे ना, मग अँप शांत आणा, छत्तीस गुण जमले! प्रत्यक्षात अँप आणि स्पीकर जुळतात ते ओहमवर आणि वॅटवर, कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरचा सुई बसवलेला भाग) आणि फोनो (त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) जुळतात पिकोफॅरडवर, सोर्स (गाणं पुरवणारं यंत्र) आणि अँप जुळतात व्होल्टवर. हे आकडे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर छापलेले असतात आणि ते पान कुणी उघडत नाही.

एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## आधीची तयारी

तयारीतली पहिली वस्तू म्हणजे कान. अंबड-सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून किंवा हायवेवर तासभर दुचाकी चालवून आल्यावर लगेच ऐकायला बसू नका. गोंगाटातून आलेला कान काही तास बधिर असतो. मग आपण नकळत आवाज वाढवतो आणि त्या वाढवलेल्या आवाजावरून निकाल देतो. सकाळी, किंवा सुटीच्या दिवशी दुपारी ऐका.

ऐकण्यासाठी तीनच रेकॉर्डिंग ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. एक, तानपुऱ्यावर गाणारा स्त्री-आवाज, मागे वाद्यांची फार गर्दी नसलेला. दोन, टाळ असलेलं भजन. तीन, नुसतं बोलणं, म्हणजे बातम्या किंवा कथावाचन. हे तिसरं सगळ्यांत उपयोगी पडतं, कारण माणूस कसा बोलतो हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. नाशिक ढोल मात्र परीक्षेला घेऊ नका. ताशा टोचण्यासाठीच असतो, तो टोचला नाही तर स्पीकर बिघडलाय.

सामान असं लागेल:

- मोजपट्टी आणि हातात धरायचा आरसा
- साधा मल्टिमीटर
- दीड व्होल्टचा एक सेल
- फोनमध्ये आवाजाची पातळी दाखवणारं ॲप
- चार जाड गोधड्या
- वही

मापनाचा मायक्रोफोन, उदाहरणार्थ यूमिक-१, कुणाकडून मागून मिळाला तर उत्तम. त्याच्यासोबत चालणारं मापनाचं सॉफ्टवेअर ‘रूम ईक्यू विझार्ड’ फुकट आहे. नसला तरी अडत नाही.

बसण्याच्या जागेवर फोन धरून सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास आवाज लावा आणि व्हॉल्यूमच्या खुंटीची ती जागा वहीत लिहा. फोनचा आकडा अचूक नसतो. पण दरवेळी त्याच पातळीवर यायला तो पुरतो.

## टप्पा १ : कुठे टोचतं ते शोधा

‘ट्रेबल जास्त आहे’ ही तक्रार डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ म्हणण्यासारखी आहे. कुठे, ते सांगायला हवं. माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांत तल्लख असतो, त्यामुळे तिथला एक-दोन डेसिबलचा उंचवटाही त्रास देतो.

तीन पट्टे वेगळे ओळखा. २ ते ४ किलोहर्ट्झ वर आलं की गाणारा ओरडल्यासारखा वाटतो, पेटी आणि सनई कपाळात जातात. ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ‘स’, ‘श’, ‘च’ सुटे होऊन उडतात. १० किलोहर्ट्झच्या वर टाळ-झांजेची चकाकी आणि टेपची खरखर पुढे येते.

संगणकावरून वाजवत असाल तर विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ टाका. फोनवरून वाजवत असाल तर प्लेअरमधला इक्वलायझर चालेल. एका पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा, कथावाचन ऐका, परत शून्यावर आणा, पुढचा पट्टा घ्या. ज्या पट्ट्यात कमी केल्यावर खांदे सैल पडतात तो तुमचा पट्टा. इथे इक्वलायझर औषध म्हणून वापरलेला नाही, तपासणीपुरता वापरलाय. नंतर बंद करा.

मग वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. हळू आवाजातही टोचतं का? सगळ्या सोर्सवर टोचतं का? दोन्ही बाजूंनी सारखं टोचतं का? हेडफोनवर तेच रेकॉर्डिंग टोचतं का?

फक्त मोठ्या आवाजात टोचत असेल तर संशय अँपची ताकद आणि खोली यांच्यावर (टप्पा ३ आणि ५). फक्त रेकॉर्ड वाजवताना टोचत असेल तर थेट टप्पा ६. एकाच बाजूने टोचत असेल तर त्या बाजूला बहुधा काचेची सरकती खिडकी आहे. हेडफोनवरही टोचत असेल तर रेकॉर्डिंगच तसं आहे. ते बदला, स्टिरिओला हात लावू नका.

तपासा: पट्टा आणि चारही उत्तरं वहीत उतरली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : फुकटात सुटणाऱ्या चुका

टोचणारा आवाज कितीदा तरी ट्रेबल वाढल्याने आलेला नसतो, बेस हरवल्याने आलेला असतो. तराजूचं एक पारडं रिकामं झालं की दुसरं जड दिसतं, तसं.

सगळ्यांत मोठा चोर म्हणजे उलटी पोलॅरिटी. एका स्पीकरला लाल-काळी वायर उलट लागली की दोन्ही वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे पडदे) एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचे सूर हवेतच कटतात. उरतो तो पातळ, पसरलेला, टोचरा आवाज. अँप बंद करून वायर काढा. सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभरच टेकवा. वूफर बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरचा. एक बाहेर आणि एक आत गेला तर आतली जोडणी उलटी आहे, हे दुरुस्तीला जाऊन आलेल्या स्पीकरमध्ये हमखास सापडतं. दोन्ही बरोबर हलले तर अँपकडची टोकं तपासा.

एव्ही रिसीव्हर असेल तर मेन्यूत स्पीकर ‘स्मॉल’ केलेत (म्हणजे बेस सबवूफरकडे वळवलाय) आणि सबवूफर जोडलेलाच नाही, असं आहे का ते पाहा. ऑडिसी (खोलीनुसार आवाज सुधारणारी प्रणाली) असलेल्या रिसीव्हरमध्ये ‘फ्लॅट’ निवडलं असेल तर ‘रेफरन्स’ करा, त्यात वरचे सूर थोडे उतरते ठेवलेले असतात. टीव्हीचा संवाद स्पष्ट करणारा मोड, फोनमधलं डॉल्बी, ॲपमधला विसरलेला इक्वलायझर, सगळं बंद. ट्रेबलची खुंटी मध्यावर.

सावधान: सेल लावताना अँपची वायर स्पीकरला जोडलेली नको. आणि सेल धरून ठेवायचा नाही, नुसता टेकवायचा.

## टप्पा ३ : खोली

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात साधासुधा स्पीकरही गोड वाजतो. तिथे लाकडी तुळया, मातीच्या भिंती, कोनाडे, गाद्या आणि लोड असतात. तोच स्पीकर पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये न्या. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, दोन्ही बाजूंना पुट्टी मारलेल्या भिंती, समोर काच. खालचे सूर खिडकी-दारांतून थोडे तरी निघून जातात, वरचे मात्र खोलीतच उड्या मारत राहतात.

मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे ‘चिर्रर्र’ अशी तार वाजल्यासारखी शेपूट आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. अशा खोलीत अँप बदलून काही होणार नाही.

आता आरसा. तुम्ही तुमच्या जागेवर बसा, घरातल्या कुणालातरी बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकरचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) दिसेल तिथे खडूने खूण करा. दोन भिंतींवर मिळून चार खुणा होतात, कारण प्रत्येक भिंतीत दोन्ही स्पीकर दिसतात. ज्या भिंतीजवळ जो स्पीकर आहे त्याची खूण आधी महत्त्वाची.

जवळच्या स्पीकरच्या खुणांपासून सुरुवात करून तीन गोधड्या चौघडी करून टांगा किंवा खुर्चीच्या पाठीवर टाका. चौथी गोधडी जमिनीवर, स्पीकर आणि तुमच्यामध्ये. मधला काचेचा टीपॉय बाहेर काढा. त्याच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज सरळ कानात येतो, आणि टीपॉय हलवायला कुणीच तयार नसतं! मग कथावाचन ऐका.

फरक जाणवला तर आता कायमचा उपाय करा. इथे बहुतेकजण घसरतात, कारण ते पातळ पडदा किंवा सतरंजी आणतात. सतरंजी फक्त अगदी वरचे सूर पिते, टोचणारा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ती जवळपास तसाच सोडते. आवाज मंद होतो आणि तरी टोचतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. ५ सेंटिमीटर जाडीचं शोषक साधारण ५०० हर्ट्झच्या वर नीट काम करतं. तेच भिंतीपासून आणखी ५ सेंटिमीटर सोडून लावलं तर आणखी खालपर्यंत. लाकडी चौकट, आत दाबून भरलेलं रॉकवूल किंवा गादीवाल्याकडचा कापूस, वरून आरपार फुंकर जाईल असं सुती कापड. दोन चौकटी, प्रत्येकी साधारण २ फूट बाय ४ फूट, एवढ्याने सुरुवात करा.

सावधान: अंड्यांचे ट्रे आणि अर्ध्या इंचाचा खाचखाचांचा फोम लावू नका. पहिले निव्वळ शोभेचे, दुसरा सतरंजीचा भाऊ. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क हवाच.

सावधान: सगळ्या भिंती मढवू नका. शोषक अति झालं की खोली मेल्यासारखी होते आणि बेस घुमायला लागतो. टाळीची शेपूट गेली की थांबा.

## टप्पा ४ : जागा, उंची, कोन

या टप्प्याला एक पैसा लागत नाही. तरी लोक पंधरा मिनिटांत उरकतात, तिथे एक सुटी द्या.

ट्वीटर टॉर्चसारखा असतो. समोरून झोत, बाजूला सरकलं की मंद. बऱ्याच स्पीकरमध्ये ट्वीटरच्या अगदी समोर वरचे सूर किंचित चढे असतात आणि १५ ते ३० अंश बाजूला बसल्यावर ते उतरतात. स्पीकर थेट तुमच्या नाकाकडे वळवलेले असतील तर हळूहळू बाहेर वळवा, एका वेळी साधारण ५ अंश, पूर्ण सरळ होईपर्यंत. प्रत्येक वेळी एक गाणं. जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा, नाहीतर झाडू मारताना सगळं वाया जातं.

उंचीचा घोळ आपल्याकडे खास आहे. स्पीकरचे स्टँड सोफ्याच्या हिशेबाने बनतात, तिथे कान जमिनीपासून साधारण ९५ ते १०० सेंटिमीटरवर येतो. आपण गाणं ऐकायला गादी टाकून, लोडाला टेकून बसलो की कान वीसेक सेंटिमीटर खाली जातो. ट्वीटर आणि वूफर यांचे आवाज क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे, मिळतात. कान वर-खाली झाला की ते नीट मिळत नाहीत आणि २-३ किलोहर्ट्झमध्ये खड्डे-उंचवटे तयार होतात. बैठकीवर ऐकणार असाल तर स्टँडची उंची बैठकीवरच मोजा. स्टँड कापता येत नसेल तर स्पीकरच्या मागच्या बाजूला पाचर देऊन तो पुढे किंचित झुकवा.

आता बेस परत मिळवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून फार पुढे असेल तर आवाज पातळ होतो. १० सेंटिमीटरच्या टप्प्याने मागे सरकवा. पुरुषाचा आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटायला लागला की १० सेंटिमीटर परत पुढे. शोकेसच्या खणात कोंबलेला स्पीकर मात्र बाहेर काढाच.

मायक्रोफोन असेल तर इथे एक मापन घ्या. खोलीत, बसण्याच्या जागेवर आलेली रेष (कोणता सूर किती मोठा येतो ते दाखवणारी) सपाट असावी असं वाटतं, पण तसं नसतं. ब्र्युएल अँड केअर कंपनीने १९७४ मध्येच दाखवलं होतं की ऐकायला समतोल वाटणाऱ्या खोलीतली रेष उजवीकडे उतरती असते. २०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत साधारण ४ ते ६ डेसिबलचा उतार असला की तुम्ही योग्य वाटेवर आहात. सपाट रेष दिसली तर कान टोचणारच, मग सॉफ्टवेअर कितीही शाबासकी देवो.

तपासा: इथपर्यंत आल्यावर टप्पा १ ची तपासणी पुन्हा करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांत काम इथेच संपतं.

## टप्पा ५ : अँप आणि स्पीकर

आता जुळवणी. तीन गोष्टी पाहायच्या, आणि तिन्ही आकड्यांनी.

ताकद. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) ८५ डेसिबल आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता असं धरा. अंतरामुळे खोलीत ढोबळ ६ डेसिबल जातात, दोन स्पीकरमुळे ३ परत मिळतात. म्हणजे १ वॅटला कानाशी ८२ डेसिबल. गाण्यातली उसळी १०० डेसिबलला पोचायची तर आणखी १८ डेसिबल हवेत आणि दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे साधारण ६० वॅट. तुमचा अँप २० वॅटचा असेल तर ९५ डेसिबललाच त्याचं डोकं छताला लागतं. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि त्या कापण्यातून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्माला येतात. यालाच लोक ‘स्पीकर ब्राइट आहे’ म्हणतात. ‘फक्त मोठ्या आवाजात टोचतं’ असं वहीत लिहिलं असेल तर आधी हा हिशेब करा. याच कारणाने ट्वीटर जळतातही.

आउटपुट इम्पीडन्स. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं ते नावापुरतं. साध्या टू-वे (वूफर आणि ट्वीटर असलेल्या) स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कुठे ४ ओहमला उतरतो आणि क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे २ किलोहर्ट्झच्या आसपास, २० ओहमला चढू शकतो. अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहम असेल तर या चढ-उताराने ०.१ डेसिबलही फरक पडत नाही. पण फीडबॅक (अँपने स्वतःची चूक सुधारण्याची जोडणी) नसलेल्या सिंगल-एंडेड ट्यूब अँपचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम असू शकतो. मग ४ ओहमच्या जागी स्पीकरला ६७ टक्के व्होल्टेज मिळतं, २० ओहमच्या जागी ९१ टक्के. फरक २.७ डेसिबल, आणि तोही नेमका कान सर्वांत तल्लख असतो त्या पट्ट्यात! ‘ट्यूब म्हणजे उबदार’ म्हणून आणलेला अँप अशा स्पीकरवर जास्त टोचतो, आणि मालक मग ट्यूब बदलत बसतो.

मॅन्युअलमध्ये आउटपुट इम्पीडन्स नसेल तर डॅम्पिंग फॅक्टर शोधा आणि ८ ला त्याने भागा. फॅक्टर ४ म्हणजे २ ओहम, १६० म्हणजे ०.०५ ओहम. फॅक्टर २० च्या खाली असेल तर त्या अँपला इम्पीडन्स फारसा न हलणारा स्पीकर हवा.

छोटे क्लास-डी डबे. टीपीए३११६ चिपवर बनलेले स्वस्त अँप आता घरोघरी आहेत. त्यांच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक फिल्टर असतो आणि तो बहुधा फीडबॅकच्या बाहेर असतो. असा फिल्टर ठरावीक ओहम धरून बनवलेला असतो. त्याहून जास्त ओहमचा स्पीकर लावला की श्रवणपट्ट्याच्या वरच्या टोकाला उंचवटा येतो. तुमचा पट्टा ‘१० किलोहर्ट्झच्या वर’ असेल आणि अँप असला डबा असेल, तर ओळखीच्यांकडून कुठलाही जुना, धडधाकट ट्रान्झिस्टर अँप दोन दिवस आणा आणि तुलना करा.

नेहमीच्या, नीट बनवलेल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये ‘हा उबदार, तो चकचकीत’ असं जे बोलतात त्यावर मी पैसे लावणार नाही. साध्या लोडवर त्यांची रेष २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ जवळपास सपाटच असते. वायरीचंही तेच. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ५ मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध साधारण ०.०८ ओहम भरतो. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहते. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा हिशेब करण्यातही अर्थ नाही.

## टप्पा ६ : सोर्स

डॅक किंवा सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. वडिलांच्या काळातल्या अँपच्या ‘ऑक्स’ला पूर्ण आवाजासाठी दीड-दोनशे मिलिव्होल्ट पुरायचे. अशा काही अँपमध्ये व्हॉल्यूमच्या खुंटीआधीच एक टप्पा असतो आणि तो २ व्होल्टने तुंबतो. आवाज हळू ठेवला तरी खरखरीत, टोचरा येतो. डिजिटल सोर्सचा आवाज १० डेसिबल कमी करा आणि अँपचा तेवढाच वाढवा. टोचणं गेलं तर १० डेसिबलचे आरसीए अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) लावा, विषय संपला.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांसाठी मात्र इथे खरा खजिना आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहम लागतात हे सगळे सांगतात, कपॅसिटन्सबद्दल (वीज साठवण्याची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) कुणी बोलत नाही. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई घ्या. कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. तिच्या कॉइलचा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे. एकूण कपॅसिटन्स १५० असेल तर विद्युत अनुनाद (ज्या सुरापाशी सिग्नल फुगतो ती जागा) साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास, कुणाला त्रास न देता, पडतो. तोच ४०० झाला तर अनुनाद पावणेअकरा किलोहर्ट्झजवळ उतरतो आणि टाळ-झांज अंगावर येते.

४०० होतात कसे? कार्ट्रिज धरणाऱ्या आर्मची वायर आणि लांब आरसीए केबल मिळून दोनशे, फोनोच्या आत बसवलेले दोनशे. झाले. म्हणून इथे वायर खरोखर महत्त्वाची, पण छोटी आणि कमी कपॅसिटन्सची म्हणून, महाग म्हणून नव्हे. फोनोला कपॅसिटन्सचे स्विच असतील तर सर्वांत खालच्यावर न्या.

तपासा: सुईचा दाब काट्यावर मोजा, व्हीएम९५ईला २ ग्रॅम. रेकॉर्डच्या आतल्या गाण्यांवरच ‘स’ फाटत असेल तर कपॅसिटन्सला दोष देऊ नका. तिथे सुईची झीज किंवा कार्ट्रिजचा कोन पाहा.

## टप्पा ७ : ट्वीटरला लगाम

एवढं करूनही ५ किलोहर्ट्झच्या वर सगळ्या सोर्सवर, हळू आवाजातही टोचत असेल, तर स्पीकरचा ट्वीटरच चढा आहे. स्पीकर विकायला काढण्याआधी हे करा.

मागे चार टर्मिनल असतील तर वरची जोडी ट्वीटरची असते. अँप बंद करा, वायर खालच्या जोडीला ठेवा, लाल ते लाल जोडणारी धातूची पट्टी काढा आणि तिच्या जागी १ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. काळी पट्टी तशीच. ८ ओहमच्या ट्वीटरवर १ ओहमने साधारण १ डेसिबल उतरतो, दीड ओहमने दीड, २.२ ओहमने दोन. ट्वीटर ४ ओहमचा असेल तर १ ओहमनेच जवळपास दोन डेसिबल जातात. दोन्ही स्पीकरना सारखाच. खोका उघडायचा नाही, टाका मारायचा नाही, आवडलं नाही तर पट्टी परत लावा.

रेझिस्टर शहरात मिळाला नाही तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या कुणालातरी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. सगळ्या किमती एकदम मागवा. एकच मागवला की नेमका दुसरा लागतो.

चार टर्मिनल नसतील तर इक्वलायझर कायमचा लावायला लाजू नका. टप्पा १ मध्ये सापडलेल्या पट्ट्यात दीड-दोन डेसिबल कमी, बस. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. त्यांना तुमच्या टाइल्सवर बसून ऐकायला सांगा.

सावधान: पट्टीच्या जागी पाव वॅटचा छोटा रेझिस्टर लावू नका, तो जळतो. आणि तीन डेसिबलहून जास्त उतरवावं लागत असेल तर थांबा. टप्पा ३ किंवा ४ मध्ये काहीतरी राहिलंय.

## टप्पा ८ : वस्तू बदलायचीच असेल तर

क्रम असा : स्पीकर, मग अँप, मग कार्ट्रिज, डॅक सर्वांत शेवटी. डेमो दुकानात ऐकून घेऊ नका. दुकानाची खोली गालिचे आणि पडद्यांनी भरलेली असते आणि आवाज मोठा लावलेला असतो. एका दुकानात ‘घरी नेऊन ऐकतो’ म्हटल्यावर मला ‘एवढा विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागलं होतं. अनामत ठेवा, पण घरी आणून ऐका.

दोन अँपची तुलना करताना पातळी जुळवणं चुकवू नका. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा अँप ‘जास्त खुला’ वाटतो आणि निकाल तिथेच फिरतो. ४०० हर्ट्झचा सूर वाजवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा आणि दुसऱ्या अँपवर तोच आकडा आणा. साधे मल्टिमीटर साधारण ४५० हर्ट्झपर्यंतच खरं बोलतात, म्हणून सूर ४०० चा.

‘मेटल डोम नको, सिल्कच हवा’ असा हट्टही सोडा. चांगल्या धातूच्या डोमचा मुख्य अनुनाद २० किलोहर्ट्झच्या वर असतो आणि वाईट क्रॉसओव्हर असलेला सिल्क डोमही तेवढाच टोचतो. कापडापेक्षा रेष बघा.

नवी वस्तू दोन आठवडे वापरा. मग एका संध्याकाळी, कुणाला न सांगता, जुनी परत जोडा, पातळी जुळवा आणि तेच कथावाचन लावा. घरातल्यांना फरक विचारा. कुणालाच कळला नाही तर अनामत परत आणायला दुसऱ्या दिवशी सकाळी जा, दुपारी दुकानात गर्दी असते.